उघड्यावरील लाकडी सामान : आधी वाळवण, मग रंग

अंगणातला झोपाळा, दारापुढचे बाकडे, गोठ्याजवळची बाज, मळ्याचे फाटक या शेतकऱ्याच्या घरच्या नेहमीच्या वस्तू. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत त्यांत भर पडली आहे. वाई-पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी विकणारे बागायतदार गिऱ्हाइकांसाठी बाके टाकतात. मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' झालेल्या भिलारला पाहुणे मुक्कामाला येतात. कृषी पर्यटन करणारे शेतकरी बैलगाडीची जुनी चाके आणि साट्याच्या फळ्या वापरून बैठका तयार करतात. हे सारे सामान ऊन, पाऊस आणि दव अंगावर घेत उभे असते.

याची निगा म्हणजे दरवर्षी रंगाचा एक हात, अशी बहुतेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात असे दिसते की, दरवर्षी रंगवलेले बाकडे पाच-सहा वर्षांत पायाकडून कुजते आणि त्याच्या शेजारी कधीही रंग न लावलेली, पण दगडावर टेकलेली सागाची बाज वीस वर्षे चालते. याचे कारण लाकडात शिरणाऱ्या आणि तेथेच कोंडून राहणाऱ्या पाण्यात आहे. ओल्या लाकडावर दिलेला रंग पाणी बाहेर ठेवत नाही, तर आतच अडवून धरतो. म्हणून या लेखात रंगाच्या आधीच्या कामावर अधिक भर दिला आहे.

लाकूड कशाने खराब होते

उघड्यावरील लाकडाला तीन शत्रू असतात आणि तिघांची खूण वेगळी असते. पहिला शत्रू ऊन. उन्हाने लाकडाच्या पृष्ठभागावरील तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन हा घटक सुटतो, पावसाने तो धुऊन जातो आणि लाकूड करडे, राखाडी दिसू लागते. पुष्कळ जण हे पाहून लाकूड संपले असे समजतात. परंतु हा करडेपणा वरवरचा असतो. एक मिलिमीटरसुद्धा खोल नसतो. खाली लाकूड ठणठणीत असते. उन्हाचे खरे नुकसान म्हणजे चिरा, कारण त्या चिरांतून पाणी आत जाते.

दुसरा शत्रू बुरशी, म्हणजेच कुजणे. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे नीट वाळलेल्या लाकडात ८ ते १२ टक्के ओलावा असतो. म्हणजे लाकूड कोरडे राहिले तर औषधाशिवायही ते कुजत नाही. कुजणे सुरू होते ते नेहमी ठराविक जागी : पायाच्या तळाशी, सांध्यात, खिळ्याभोवती आणि फळीच्या टोकाला. लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकाला उसाच्या कांड्याच्या कापासारखी नळ्यांची तोंडे उघडी असतात. सपाट अंगापेक्षा या टोकातून पाणी कितीतरी पटीने लवकर ओढले जाते. रंगारी मात्र दिसणाऱ्या अंगावर दोन हात देतो आणि टोक तसेच सोडतो.

तिसरा शत्रू कीड. वाळवी जमिनीतून मातीचे बोगदे करून चढते. छिद्रे पाडणारे भुंगेरे लाकडाच्या बाहेरील पांढऱ्या भागात राहतात आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. गाभ्याच्या गडद लाकडाकडे ते सहसा वळत नाहीत. सागाचा किंवा बाभळीचा गाभा टिकतो, पण त्याच झाडाचा पांढरा भाग आंब्याच्या लाकडाइतकाच कच्चा असतो. 'सागाचे' म्हणून विकत घेतलेल्या बाकड्यात निम्मा भाग पांढरा असेल, तर ते निम्मेच सागाचे आहे असे धरावे.

दोन जिल्हे, अनेक हवामाने

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत जेमतेम शंभर कि.मी.वर असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मि.मी.च्या आसपास असतो आणि सांगलीकडील जत, आटपाडीतही साधारण तेवढाच. त्यामुळे सर्वांना एकच सल्ला देणे चुकीचे ठरेल.

महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळ्याचा पश्चिम भाग येथे मुख्य प्रश्न शेवाळ आणि कुजण्याचा आहे. येथे सर्वांत चांगला उपाय फुकट आहे : जूनच्या पहिल्या आठवड्यात हलवता येणारे सामान पडवीत किंवा शेडमध्ये घ्यावे आणि दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढावे. पावसाळ्यात घराच्या भिंतींना गवताच्या झडी लावण्याची या भागातील जुनी पद्धत याच विचाराची होती. झड पाणी अडवते, पण वारा जाऊ देते. आज तिच्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद बाकड्याला चोहोबाजूंनी घट्ट गुंडाळतात. आत घाम सुटतो, तो वाळत नाही आणि ऑक्टोबरमध्ये कागद काढला की पांढरी बुरशी दिसते. कागद घालायचाच असेल तर फक्त वरून घालावा आणि खालच्या चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागांत कुजण्याचे प्रमाण कमी आहे. तेथे चिरा आणि वाळवी यांकडे लक्ष द्यावे. कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठचा बागायती पट्टा दोन्हींच्या मधला. काळी जमीन, पाटाचे पाणी आणि उसाचे गारठलेले वातावरण यांमुळे येथे पाय जमिनीत रोवलेले बाक फार काळ टिकत नाही.

बेंदराला रंग नको

आपल्याकडे रंगाचा डबा उघडतो तो बेंदराच्या आदल्या दिवशी. बैलांची शिंगे रंगवून उरलेला रंग गाडीला, जूला, फाटकाला आणि बाकड्याला जातो. सणाची हौस समजण्यासारखी आहे. परंतु आषाढातील बेंदूर म्हणजे ऐन पावसाळा. त्या वेळी लाकडाने पोटभर पाणी प्यालेले असते. वरून दिलेला ऑईलपेंट चार दिवस चकाकतो, पुढे ऊन पडले की आतील पाण्याची वाफ त्याला फोड आणते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतात. शेतकरी मग रंगाच्या कंपनीला दोष देतो.

पश्चिम भागात लाकूड सर्वांत कोरडे असते ते मार्च ते मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. अक्षय तृतीयेच्या आसपास काम संपवावे, कारण त्यानंतर वळवाचा भरवसा नसतो. पूर्व भागात फेब्रुवारी-मार्च बरा, कारण एप्रिल-मेच्या कडक उन्हात रंग वरून लगेच सुकतो आणि आतून ओला राहतो. ज्यांना त्या काळात बेदाणा किंवा उसाच्या तोडीमुळे सवड नसते, त्यांनी पावसाळा संपल्यावर तीन-चार आठवडे ऑक्टोबरचे ऊन खाऊ देऊन मग काम धरावे. कोणत्याही हंगामात सकाळी दव उडाल्यावर सुरुवात करावी आणि दुपारी चारनंतर हात देऊ नये. ओल्या रंगावर दव पडले की चमक जाते.

आधी दुरुस्ती

सामान आडवे करून खालची बाजू पाहावी. सुताराची टोचणी किंवा स्क्रू ड्रायव्हरचे टोक पायाच्या तळाशी आणि सांध्यांत दाबून पाहावे. टोक सहज आत गेले आणि लाकूड तुकड्या-तुकड्यांनी तुटले तर तो भाग कुजला आहे. कुजलेला भाग लांबी भरून झाकू नये. चांगले लाकूड लागेपर्यंत तो तासून काढावा आणि त्या जागी वाळलेल्या जुन्या सागाचा जोड द्यावा. दुरुस्तीला नवे ओले लाकूड वापरले तर ते आटते आणि सांधा पुन्हा ढिला होतो.

यानंतरचे काम म्हणजे लाकडाचा जमिनीशी संबंध तोडणे. वाई, मेणवली भागातील जुन्या वाड्यांत पाहिले तर लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. ओल तळखड्यापर्यंत येते, खांबात चढत नाही आणि वाळवीला मातीचा बोगदा दगडावरून उघड्यावर न्यावा लागतो, तो लगेच नजरेस येतो. आपल्या बाकड्यालाही तळखडा द्यावा. काळ्या दगडाची किंवा फरशीची एकेक चीप पायाखाली पुरेशी आहे. बाक कायमचे बसवायचे असेल तर काँक्रीटच्या ठोकळ्यात लोखंडी पट्टी बसवून तिला पाय बोल्टने जोडावा आणि पायाचे टोक काँक्रीटपासून बोटभर वर ठेवावे. लाकूड काँक्रीटमध्ये पुरू नये. ते आटले की भोवती फट पडते, त्या फटीत पाणी साचते आणि पाय कपात उभा केल्यासारखा कुजतो.

बसण्याच्या फळ्यांमध्ये ६ ते ८ मि.मी. फट असावी, म्हणजे पाणी आणि पालापाचोळा खाली पडतो. फळीच्या धारा रंध्याने किंचित गोल कराव्यात. टोकदार धारेवर रंग पातळ बसतो आणि तेथूनच सुटू लागतो. साग आणि बाभळीत असणाऱ्या टॅनिनमुळे साध्या लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात. शक्य तेथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. ते जमत नसेल तर जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत.

शेवाळ आणि मळ काढण्यासाठी धुण्याचा सोडा घातलेले कोमट पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरेसा आहे. ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा, तारेचा ब्रश वापरू नये. हिरवे शेवाळ चिवट असेल तर ५ लिटर पाण्यात ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून ती निवळी लावावी आणि पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे. काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातात; ५० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवून ब्रशने लावावी आणि नंतर दोनदा धुवावे. हे विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि उरलेले द्रावण मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावे. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही कामे वेगवेगळ्या दिवशी करावीत.

धुतल्यावर आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावे. नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग १२० नंबरने घासावे. त्याहून गुळगुळीत करण्याची बाहेरच्या सामानाला गरज नसते, उलट फार गुळगुळीत अंगावर तेल कमी मुरते.

जुना रंग खरवडताना

हा भाग घाईने वाचू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या पिवळ्या, लाल, केशरी आणि हिरव्या ऑईलपेंटमध्ये शिसे बरेच असू शकते. शेंदूर हे तर शिशाचेच संयुग आहे. २०१७ पूर्वी रंगवलेल्या फाटकाचा, बाकाचा किंवा गाडीचा रंग शिशाचाच आहे असे गृहीत धरून काम करावे.

कोरडा रंग मशीनने घासू नये आणि स्टोव्हच्या जाळाने उडवू नये. लाकडावर पाणी शिंपडून पॉलिश पेपरने ओलेच घासावे किंवा पत्रीने खरवडावे. तोंडाला मास्क बांधावा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना कामाजवळ येऊ देऊ नये. पडलेले पापुद्रे गोळा करून पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करावेत. ते उकिरड्यावर टाकले तर शेणखताबरोबर शेतात जातात, चुलीत टाकले तर धुराबरोबर घरात येतात.

जनावरांचा धोका वेगळा सांगावा लागतो. खनिजांची, विशेषतः स्फुरदाची कमतरता असलेली गाय किंवा वासरू लाकूड, भिंत, दोर काहीही चाटते. रंगाचे पापुद्रे खाल्लेल्या वासराला अचानक दिसेनासे होणे, दात खाणे, अंग थरथरणे, झटके येणे अशी लक्षणे दिसतात आणि पुष्कळदा ती सर्पदंश किंवा दुसऱ्या रोगाची समजून वेळ जातो. असे झाल्यास पशुवैद्यकाला बोलावून जवळपास रंग खरवडला होता हे आवर्जून सांगावे. गव्हाणीला आणि दावणीच्या लाकडाला आतून कोणताही रंग, डांबर किंवा औषध लावू नये. चाटणाऱ्या जनावरासाठी गोठ्यात खनिजाची चाटण वीट टांगावी.

तेल, वार्निश की रंग

प्रत्येकाचा गुण आणि दोष आहे. घरातील कपाटाला शोभणारे लाखेचे पॉलिश बाहेर अजिबात चालत नाही, पाणी लागताच पांढरे पडते. पारदर्शक वार्निश दिसायला सुंदर, पण त्यातून ऊन आरपार जाते आणि खालचे लाकूड सुटते. मग वार्निश कातडीसारखे सोलते आणि पुन्हा देण्यापूर्वी सगळे खरवडावे लागते. वार्निश लावायचेच असेल तर बाहेरच्या वापरासाठी असलेले, ऊन रोखणारे घटक घातलेलेच घ्यावे आणि ते पडवीतील झोपाळ्यासारख्या निम्म्या सावलीतील वस्तूंनाच द्यावे.

ऑईलपेंट ऊन पूर्ण अडवतो. पश्चिम भागातील फाटके आणि न हलवता येणारी बाके यांना तो बरा. एक हात लाकडाच्या प्रायमरचा, वर दोन पातळ हात रंगाचे आणि टोकांना तीन. खालची बाजू आणि फळ्यांच्या कडा वगळू नयेत. फक्त वरून रंगवलेली फळी वरून कोरडी आणि खालून ओली राहते आणि पन्हाळीसारखी वाकते.

पूर्व भागातील उघड्या सागाच्या सामानाला तेल सर्वांत सोयीचे. तेल सोलत नाही, खरवडावे लागत नाही आणि घरची माणसे लावू शकतात. मात्र तेल 'वाळणारे' हवे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. कच्चे तेल वाळायला आठवडा घेते, दुकानात मिळणारे उकळलेले तेल एका-दोन दिवसांत वाळते. करडईचे तेलही वाळणाऱ्या जातीचे आहे, म्हणून ते रंगांच्या उद्योगात वापरले जाते. माण-जतकडे ते घरचे असते, पण फार सावकाश वाळते. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल वाळतच नाही. ते चिकट राहते, धूळ धरते आणि मुंग्या बोलावते.

पहिला हात निम्मे तेल आणि निम्मे टर्पेंटाइन असा पातळ करून द्यावा. अर्ध्या तासाने जे मुरले नाही ते चिंधीने पुसून घ्यावे. न पुसलेले तेल वर चिकट साय धरते, ही नेहमीची चूक आहे. दोन दिवसांच्या अंतराने आणखी दोन हात निव्वळ तेलाचे द्यावेत. चार फुटी बाकड्याला सर्व मिळून अर्धा ते पाऊण लिटर तेल लागते. पायांची टोके तेलाच्या उथळ ताटलीत रात्रभर उभी करून ठेवावीत. पुढे वर्षातून दोनदा एकेक हात पुरतो. वेळ झाली का हे पाहण्यासाठी लाकडावर पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब अळूच्या पानावरल्यासारखे उभे राहिले तर घाई नाही, पसरून मुरले तर तेल द्यावे. महाबळेश्वरच्या बाजूला मात्र जवसाच्या तेलावर काळी बुरशी येते, कारण ते बुरशीचेही खाद्य आहे. तेथे रंगच योग्य.

ट्रॅक्टरचे जळके ऑईल लाकडाला फासण्याची पद्धत बरीच पसरली आहे. फुकट मिळते आणि वाळवी येत नाही, एवढेच पाहिले जाते. ते कधीच वाळत नाही, कपड्यांना लागते, पावसाने धुऊन विहिरीकडे जाते आणि त्यात जड धातू व कर्करोगकारक घटक असतात. बसण्याच्या, धरण्याच्या किंवा जनावर चाटेल अशा कोणत्याही लाकडाला ते लावू नये.

तेलाच्या चिंध्या आणि कडब्याची गंज

जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. पसरलेल्या लाकडावर ती निघून जाते, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर उष्णता आत साठत जाते आणि काही तासांनी तो काडीशिवाय पेट घेतो. काम संध्याकाळी संपते, बोळा गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा गंजीच्या आडोशाला टाकला जातो आणि आग रात्री लागते. प्रत्येक चिंधी वेगळी करून कुंपणाच्या तारेवर एकेरी वाळत घालावी. कडक झाली की धोका संपतो. तेवढा वेळ नसेल तर चिंध्या पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.

पांढऱ्या लाकडासाठी टाकणखार

बाकड्यात पांढरा भाग जास्त असेल किंवा भुगा पडत असेल तर तेल-रंगाच्या आधी बोरॉनचे द्रावण द्यावे. १० लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवावी. रंग काढलेल्या, किंचित ओलसर लाकडावर ब्रशने दोन-तीन हात द्यावेत, तीन-चार दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावे म्हणजे द्रावण आत उतरते, नंतर दोन-तीन आठवडे सावलीत वाळवावे. हे औषध पाण्यात विरघळणारे असल्यामुळे पावसाने धुऊन जाते. म्हणून वर तेल किंवा रंग हवाच आणि जमिनीत रोवलेल्या लाकडाला त्याचा उपयोग नाही. उरलेले द्रावण द्राक्षबागेत किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य असले तरी जास्त झाले की द्राक्षवेलीच्या पानांच्या कडा जळतात.

महापुरात भिजलेले सामान

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत भिलवडी, औदुंबर, हरिपूर आणि काठच्या इतर गावांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर पलंग, दारे, बाकडी, देव्हारे रस्त्यावर उन्हात ठेवलेले दिसत होते. पुष्कळ चांगले सागाचे सामान पुराने नव्हे, तर त्यानंतरच्या चार दिवसांच्या उन्हाने फाटले. वरचा थर वाळून आटतो, आतला फुगलेलाच राहतो आणि ताण न सोसून लाकूड चिरते.

असे सामान प्रथम स्वच्छ पाण्याने धुवावे. गाळ सांध्यांत वाळला तर सिमेंटसारखा बसतो. अडकलेले खण आणि दारे ओढून काढू नयेत, मागची फळी सोडवून वारा आत जाऊ द्यावा. नंतर सामान सावलीत, जमिनीपासून विटांवर उचलून, दोन वस्तूंत हातभर अंतर ठेवून रचावे. तासगाव भागात बेदाणा जसा उन्हात न टाकता शेडच्या जाळ्यांवर वाऱ्याने वाळवतात, तसेच लाकूड वाळवावे. बेदाण्याचा हंगाम मेपर्यंत संपतो, त्यामुळे पुराच्या दिवसांत या शेड बहुधा मोकळ्या असतात. नात्यागोत्यात कोणाची शेड असेल तर सामान तेथे हलवण्याइतकी चांगली सोय नाही. फळ्या वाकू नयेत म्हणून एकावर एक रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालाव्यात आणि वर वजन ठेवावे. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने न झटकता ओल्या फडक्याने पुसावी. कोरडी झटकली की ती श्वासातून जाते.

वाळले केव्हा, हे हात लावून कळत नाही. त्यासाठी ताणकाटा वापरावा. एक सुटी फळी किंवा खण निवडून दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करावे आणि भिंतीवर लिहून ठेवावे. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरते, मग सावकाश. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच राहिले की लाकूड वाळले. जाड पाय आणि चौकटी यांना दोन-तीन महिने सहज लागतात. पूर ऑगस्टमध्ये आला तर डिसेंबरपूर्वी रंगाचा विचार करू नये. तोवर सुटलेले सांधेही पुष्कळदा आपोआप जागेवर येतात. जे येत नाहीत ते वाळल्यावर सुताराकडून पाचर मारून घट्ट करावेत. प्लायवूड आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या मात्र पापुद्रे सुटल्यावर परत येत नाहीत, त्यांवर खर्च करू नये.

जुने खांब, स्लीपर आणि पॅलेट

बाहेरच्या बैठकीसाठी भंगारातून आणलेले लाकूड स्वस्त पडते, पण ते आधी कशासाठी वापरले होते हे पाहावे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे लाकूड टिकवण्याचे मिश्रण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तयार केले आणि ते 'एस्कू' नावाने जगभर गेले. त्याने लाकडाचे आयुष्य फार वाढते, पण त्यात सोमल असल्यामुळे अमेरिकेतील उद्योगाने २००३ अखेर घरगुती वापरातून ते मागे घेतले. विजेच्या किंवा तारायंत्राच्या जुन्या लाकडी खांबावर हिरवट झाक असेल तर ते असे लाकूड असू शकते. रेल्वेच्या जुन्या स्लीपरला उन्हात डांबरट वास येत असेल तर त्यात क्रिओसोट मुरलेले असते. ही दोन्ही लाकडे कुंपणाला चालतील. बाकासाठी, मुलांच्या झोपाळ्यासाठी आणि गव्हाणीसाठी घेऊ नयेत.

द्राक्ष निर्यातदारांकडे पडून असलेल्या पॅलेटच्या फळ्यांवर शिक्का असतो. त्यात 'एच टी' ही इंग्रजी अक्षरे असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे, ते बैठकीला वापरता येते. 'एम बी' असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते टाळावे. पॅलेटचे लाकूड बहुधा पाइनसारखे मऊ असते, त्याला टाकणखाराचे द्रावण आणि वर रंग दोन्ही द्यावेत आणि पावसाळ्यात आत घ्यावे.

हिरवट खांबांचे आणि डांबरट स्लीपरचे तुकडे चुलीत, बंबात किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळू नयेत. एस्कूच्या लाकडातील सोमलाचा काही भाग धुरात जातो आणि उरलेला राखेत राहतो. अशी राख शेतात किंवा गोठ्यात टाकू नये आणि भांडी घासायलाही घेऊ नये.